वर्गात पहिल्यांदा ऑनलाइन गोष्ट लावली तेव्हा... कोल्हापूरकर शिक्षकांनो, अनुभव लिहा

आनंददायी शनिवारी, म्हणजे खेळ-गोष्टी-कृतींच्या शनिवारी, काय घ्यायचं, यावर परवा शिक्षण परिषदेत चर्चा निघाली. कुणीतरी म्हणालं, "स्टोरीवीव्हर लावा की." निम्म्यांनी माना डोलावल्या, निम्म्यांनी नाव लिहून घेतलं आणि चहा आला. लिंक सगळ्यांच्या ग्रुपवर पडून आहे. पण पोरांसमोर ती पहिल्यांदा उघडली तेव्हा नेमकं काय केलंत, हे कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा. कुठलाही वाचनमंच चालेल. यशोगाथा मात्र नकोत, त्या आपण अहवालात लिहितोच.

सुरुवात माझ्यापासून. करवीर तालुका, चौथीचा वर्ग, लोकवर्गणीतून आलेला टीव्ही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: स्टोरीवीव्हर हा मुलांच्या गोष्टींचा ऑनलाइन मंच, प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेचा. २०१५ च्या ८ सप्टेंबरला, साक्षरता दिनाला सुरू झाला. वाचायला पैसे लागत नाहीत. गोष्टींच्या चार पातळ्या आहेत. पहिल्या पातळीतली गोष्ट अडीचशे शब्दांच्या आत संपते, चौथ्या पातळीतली दीड हजाराच्या पुढे जाते. गोष्ट मी आदल्या रात्रीच निवडून ठेवतो. वर्गात मुखपृष्ठांची रांग उघडली, की "हे लावा, ते लावा" यातच तास जातो.

पहिल्या दिवशी टीव्हीच्या खालच्या भागावर, म्हणजे जिथे मजकूर येतो तिथे, एक पुठ्ठा धरायला दोन पोरं उभी केली. वर फक्त चित्र. काय चाललंय ते सांगा. वर्गानं पानागणिक गोष्ट रचली, भांडत भांडत. मग पुठ्ठा काढून खरी गोष्ट वाचायची, असं ठरलं होतं. तर मागच्या बाकावरनं आवाज: "सर, पुठ्ठा काडू नका, आपलीच गोष्ट चांगली हाय." पुठ्ठा काढलाच. पण मग प्रत्येक ओळ ते अशी वाचत होते, जणू लेखकाचा पेपर तपासतायत.

गगनबावडा, जोडवर्ग

तुमच्याकडे रेंज आहे हो. आमच्याकडे जुलैत लाईटही नसते. मी कोल्हापुरात आलो की गोष्टींच्या पीडीएफ उतरवून पेनड्राइव्हमध्ये घेतो, आणि टीव्हीला तोच लावतो. पावसाळ्याच्या आधी काही गोष्टी काळ्यापांढऱ्या छापून घेतल्या. परवाना खुला असल्यानं छापायला हरकत नाही, लेखक-चित्रकाराचं नाव तेवढं ठेवायचं. चित्रं रंगवायचं काम पोरांकडे. पहिलीच्या पोरानं हत्ती हिरवा केला. तिसरीच्यानं त्याला हटकलं, त्यावर हा म्हणतो, "पावसात भिजून शेवाळ आलंय त्याला." दोन इयत्ता एकाच खोलीत, तरी दोन्ही वर्गांना एकच गोष्ट पुरते: लहानांनी चित्र सांगायचं, मोठ्यांनी ओळ वाचायची. जोडवर्गाला याहून सोयीचं काही मला तरी सापडलेलं नाही.

निवृत्त मुख्याध्यापक, राजारामपुरी

रागावू नका, पण ज्या शहरात १८५० पासून करवीर नगर वाचन मंदिर उभं आहे, ज्या संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तिथल्या पोरांना गोष्ट वाचायला टीव्ही लागावा? घरी मोबाईल, शाळेत टीव्ही. पुस्तक हातात कधी द्यायचं? पान उलटायचं कसं हेही शिकवावं लागतं.

गगनबावडा, जोडवर्ग

सर, वाचन मंदिर आमच्यापासून पंचावन्न किलोमीटरवर आहे, आणि शाळेच्या कपाटातली पुस्तकं पोरांनी पाठ केलीत. दोन्ही द्या की. टीव्हीवर वाचलेली गोष्ट छापून हातात दिली, तर ती पुन्हा पुन्हा वाचतात, कारण आता ती येते. पान उलटायचं तिथंच शिकतात.

शिरोळ तालुका, तिसरी

आमच्या सीमेकडच्या गावात निम्म्या घरात कन्नड. वर्गात एक मुलगी मराठी मोठ्यानं वाचायला लाजायची. मान खाली, आवाज घशातच. त्या मंचावर एकच गोष्ट बऱ्याचदा अनेक भाषांत मिळते. मी तिच्या आईच्या मोबाईलवर तीच गोष्ट कन्नडमधून पाठवली. घरात कन्नड वाचणारं माणूस एकच, आजी. तिचं माहेर चिकोडीकडचं, शाळा कन्नड माध्यमाची.

एका शनिवारी आजींनाच बोलावलं. त्या चष्मा घरी विसरून आल्या आणि दारातूनच परत निघाल्या, "मला दिसायचं नाही बाई." म्हटलं, बसा तर खरं. टीव्हीवर अक्षर एवढं मोठं, की चष्मा लागलाच नाही. एक पान आजींनी कन्नडमध्ये वाचायचं, तेच पान नातीनं मराठीत. मी मागच्या भिंतीला उभी राहून रिमोट सांभाळत होते, बाकी काही केलं नाही. दुसऱ्या पानापासून पोरीचा आवाज मोकळा झाला, कारण आजी अडखळली की तिला पुढचा अर्थ ठाऊक असायचा आणि ती हळूच सांगायची. आता इतर पोरं विचारतात, आमच्या आजीला कधी बोलावणार? त्यातल्या बऱ्याच आज्यांना वाचता येत नाही. त्यांना मी गोष्ट सांगायला बोलावते.

कागल, पाचवी

साखर कारखान्याच्या खोपटांतली, ऊसतोड मजुरांची पोरं दिवाळीनंतर वर्गात येतात, पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की जातात. बीडकडची बरीच. वर्षातून दोन शाळा, दोन्हीकडे अर्धवट. पाचवीच्या वयाच्या पोराला दुसरीचं पुस्तक दिलं की तो ते दप्तरात घालतो आणि बाहेर काढत नाही. त्याची चूक नाही, मुखपृष्ठावर इयत्ता छापलेली असते आणि शेजारच्याला ती दिसते. ऑनलाइन गोष्टीला इयत्ता नसते, पातळी असते. मी सगळ्या वर्गाला पहिल्या-दुसऱ्या पातळीपासूनच सुरू करतो, हुशार मुलंही मजेनं वाचतात. त्यात हा पोरगा कधी मिसळला ते कळतही नाही.

जाताना बापाच्या मोबाईलवर गोष्टी भरून देतो. साधा बटणाचा फोन असेल तर छापील प्रत. पुढं गावाकडं काय होतं, ते मला कळत नाही. एक पोरगा मात्र पुढच्या हंगामात आला आणि त्याच गोष्टीतलं वाक्य न बघता म्हणून दाखवलं. धाकट्या बहिणीला झोपवताना रोज वाचत होता म्हणे.

इचलकरंजी, दुसरी

माझा अनुभव जरा वेगळा. मोठ्यानं वाचलं की ऐकून शाबासकी देणारं एक ॲप आम्ही घेतलं. वर्गात एकदम दहा मोबाईल लावले आणि यंत्रमागाच्या शेडमध्ये उभं राहिल्यासारखं झालं. एकाचं वाचन दुसऱ्याच्या फोनला ऐकू जायचं, चुकीच्या पोराला तारे मिळायचे. आता व्हरांड्यात दोन टोकांना दोन फोन, बाकीचे आत वहीकामात. शिवाय आमच्या पोरी "मी आलो, मी गेलो" बोलणाऱ्या. पडद्यावर "मी आले" लिहिलेलं असतं, तोंडातून "आलो" येतं, आणि ॲप शब्द तांबडा करतं. एकीनं चिडून फोनलाच सुनावलं, "आलो म्हंटलं की! कान हाय का न्हाई?" मी तिला म्हटलं, तू वाचलंस ते मला कळलं, तुझा तारा माझ्याकडून. ॲप सरावापुरतं ठीक. वाचन येतं की नाही, हे ठरवायला बाई बसलेली बरी.

पन्हाळा, आठवी

मोठ्या वर्गांचं कुणी लिहिलं नाही, म्हणून थोडक्यात. हिंदीतल्या एका गोष्टीचं गटानं मराठी करायला दिलं. भाषांतर करायला खातं लागतं, ते माझ्याच नावानं उघडलं. मुलांचे फोटो, आडनावं कुठंही टाकली नाहीत, तुम्हीही टाकू नका. दोन तास एका परिच्छेदावर वाद. गोष्ट पूर्ण व्हायला महिना लागला, आणि नंतर पोरं कुठल्याही पुस्तकाचं आधी आतलं पान उघडतात, अनुवाद कुणाचा ते बघायला.

हायस्कूलचा ग्रंथपाल, गडहिंग्लज

'किशोर' विसरू नका. बालभारतीचं मासिक, १९७१ पासूनचं, आणि जुने अंक ऑनलाइन चकटफू वाचता येतात. मी मुलांना एवढंच सांगतो: आई किंवा वडील तुमच्या वयाचे होते त्या वर्षीचा अंक शोधा. साल काढायला घरी विचारावं लागतं, तिथंच निम्मं काम होतं. एकाचे वडील रात्री अंकातलं कोडं सोडवत बसले आणि पोराला फोन परत मिळाला नाही. पानं स्कॅन केलेली आहेत, त्यामुळे लहान पडद्यावर मोठं करून सरकवत वाचावं लागतं. कॉम्प्युटर लॅबमध्ये घ्या.

निवृत्त मुख्याध्यापक, राजारामपुरी

'किशोर'चे जुने अंक? पत्ता पाठवा. टीव्हीबद्दलचं मत तेच आहे.

आजरा, पहिली (नवीन नेमणूक)

सगळं वाचलं. माझी पोरं अजून अक्षरंही ओळखत नाहीत. त्यांना आत्ताच दाखवू की दिवाळीनंतर?

करवीर, चौथी

आत्ताच. भाषेत मराठी, पातळीत पहिली निवडा आणि पानावर एक-दोन ओळीच असलेली गोष्ट घ्या. काहींना आवाजही असतो, शब्द वाचला जाईल तसा उजळत जातो; पण पहिल्यांदा आवाज बंद ठेवून तुम्हीच वाचा, ओळीखाली पट्टी फिरवत. तीच गोष्ट आठवडाभर. बुधवारपर्यंत ती तुमच्या आधी म्हणायला लागतील, तेव्हा पट्टी त्यांच्या हातात द्या. पट्टी लाकडी नको, टीव्हीवर चरे पडतात.