सिपर ते फुलपात्र: तुमच्याकडे कसं जमलं? (अनुभव धागा)

गेल्या रविवारी सिपरच्या (लेकीचा चोचीचा, न सांडणारा कप) झाकणातली ती पांढरी रबरी चकती, जिला व्हॉल्व्ह म्हणतात, पहिल्यांदाच नखाने उचकटून काढली. खाली काळी बुरशी! रोज गरम पाण्याने धुतलेला सिपर होता हो. तेवढा भाग कधी उघडायचा असतो हेच मला माहीत नव्हतं.

लेक १९ महिन्यांची आहे. पाणी, दूध, ताक, सगळं त्या निळ्या सिपरमधून. पेला हातात दिला की आधी आत हात घालून ढवळते, मग माझ्याकडे रोखून बघत शांतपणे उलटा करते. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. नसेल. पण त्यांच्या वेळी सारवलेली जमीन होती आणि माझ्याकडे भाड्याच्या घरातलं लाकडी फ्लोअरिंग आहे, ज्याचं डिपॉझिट घरमालकाकडे अडकलंय.

तर तुमच्याकडे सिपर कसा सुटला ते लिहा. सल्ले घरात भरपूर आहेत, मला अनुभव हवेत. फसलेले तर जरूर लिहा.

नाशिक, दोन मुलांची आई

मोठ्यासाठी आम्ही चार प्रकारचे कप आणले होते. दोन कानांचा, स्ट्रॉचा, चारी बाजूंनी पिता येणारा, आणि एक बुडाशी वजन असलेला, जो डोलतो पण पडत नाही. त्याने चौघांची गाडी करून खेळली. धाकटीच्या वेळी मला वेळच नव्हता, म्हणून ती आपोआप शिकली असं म्हटलं तरी चालेल. उष्टावणाला तिच्या मामाने चांदीचं छोटं फुलपात्र दिलं होतं, ते कपाटातून काढलं.

फुलपात्राची गंमत माझ्या तेव्हा लक्षात आली. त्याची कड बाहेर वळलेली असते, ती खालच्या ओठावर नीट टेकते. सरळ उभ्या कडेच्या ग्लासात लहान मुलाचं नाक अडकतं, मग ते मान मागे टाकतं आणि सगळं गळ्यात. दुसरं म्हणजे मी कधीच दोन घोटांपेक्षा जास्त पाणी घातलं नाही. सांडलं तरी किती सांडणार? संपलं की पुन्हा दोन घोट. दिवसातून वीस वेळा उठावं लागतं, हे खरं.

पहिले आठ दिवस सराव बाथरूममध्ये केला. कपडे काढलेले, अंग पुसायचंच आहे, साबण लावायच्या आधी फुलपात्रात प्यायचं पाणी द्यायचं. तिथे सांडलं तर कुणी ‘अगं अगं’ करत नाही. मला वाटतं आमच्या मोठ्याला पेल्यापेक्षा त्या ‘अगं अगं’चीच धास्ती बसली होती.

ठाणे, जुळ्यांची आई

माझा अनुभव जरा उलट्या क्रमाचा आहे, त्यामुळे लांबेल.

माझी मुलं ३२व्या आठवड्यात झाली. महिनाभर नवजात अतिदक्षता विभागात होती. सुरुवातीला नळीने दूध, मग एक दिवस सिस्टरने छोटीशी वाटी आणली आणि म्हणाल्या, आता यातून. मी घाबरले. दीड किलोचं बाळ, वाटीतून पिणार? त्यांनी बाळाला जवळजवळ बसतं धरलं, वाटीची कड खालच्या ओठाला टेकवली आणि दूध फक्त ओठापर्यंत येईल इतकीच कलती केली. ‘तोंडात ओतायचं नाही, त्याला घेऊ द्या,’ एवढंच सांगितलं. बाळाने जीभ बाहेर काढली आणि मांजराच्या पिल्लासारखं लपलप करत दूध घेतलं. मी तिथेच रडले. बाटलीचं तर तिथे नावही काढायचं नव्हतं.

म्हणजे माझी मुलं पूर्ण दिवस भरायच्या आधीच उघड्या वाटीतून पीत होती! आणि मग काय झालं? अंगावरचं दूध नीट सुरू झालं, वाटी मागे पडली, पहिल्या वाढदिवसाला कुणीतरी दोन सुंदर सिपर आणले. दोघं एका जागी बसत नव्हती, मी एकटी, सिपर देवासारखे धावून आले. पुढे ते सोडवायला मला सव्वा वर्ष लागलं.

उपाय शेवटी त्या सिस्टरचाच कामी आला. कड ओठाला टेकवायची आणि थांबायचं. मी इतके दिवस पेला त्यांच्या तोंडात उपडा करत होते आणि ठसका लागला की म्हणत होते, बघा, यांना जमत नाही. एकीला चार दिवसांत जमलं. दुसऱ्याला महिना लागला, कारण त्याला कड चावायला आवडायची. स्टीलच्या वाटीवर अजून त्याच्या दातांचे ओरखडे आहेत.

सोलापूर, आजी

नातू अडीच वर्षांचा. आमच्या घरी पाण्याचं भांडं कुणी तोंडाला लावत नाही, सगळे वरून पितात. माठाजवळ एकच तांब्या-भांडं, उष्टं करायचं नाही, ही जुनी शिस्त. तर नातवाने सिपर सोडला आणि पेल्यातून न पिता थेट आजोबांसारखं वरून प्यायला गेला. नाकात, कानात, सदऱ्यात पाणी. खोकून खोकून लाल झाला. मग मीच शिस्त मोडली. त्याच्यासाठी वेगळं भांडं, त्यावर नाव कोरून आणलं, ‘हे तुझं उष्टं भांडं’ म्हटलं. आता तो शेजारणीलाही सांगतो, ‘माझं उष्टं आहे, हात लावू नको.’

आणि लेकीनो, सिपर नव्हता म्हणता तर आमच्या वेळी बोंडलं होतंच की. चोच असलेली वाटीच ती. फरक इतकाच की बोंडलं आईच्या हातात असायचं, पोराच्या हातात देऊन त्याला गावभर फिरवत नव्हते.

म्युनिक, मुलगा २ वर्षे

इथल्या पाळणाघरात पहिल्या दिवशी बघितलं तर सव्वा-दीड वर्षांची मुलं बुटक्या टेबलाशी बसून काचेच्या छोट्या ग्लासातून पाणी पीत होती. काचेच्या! जाड बुडाचे, मुठीत मावतील एवढे. मध्ये एक लहानसा जग, तोही मुलंच ओततात. मी बाईंना विचारलं, फुटत नाहीत का? त्या म्हणाल्या, फुटतात ना. आणि पुढच्या कामाला लागल्या.

आमचा मुलगा तिसऱ्या आठवड्यात तिथे ग्लासातून प्यायला लागला आणि घरी आला की सिपरसाठी भोकाड. पाच महिने हे दोन पंथ चालले. त्याला न जमण्याचा प्रश्नच नव्हता, घरी मागितलं की मिळतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. शेवटी आम्हीही तसेच ग्लास आणले. पहिल्याच संध्याकाळी त्याने एक फोडला आणि स्वतःच इतका दचकला की त्यानंतर दोन्ही हातांनी धरतो. काचा वेचताना मात्र मी त्या बाईंइतकी शांत नव्हते. भारतात आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं नाही, उगाच जीव टांगणीला.

कोल्हापूर, मुलगी ३ वर्षे

सिपर प्रकरणात आमची बोलणी खाऊन झाली आहेत, म्हणून लिहिते. घरच्या म्हशी. मुलगी दीड वर्षाची असताना दिवसाला लिटरभर दूध पीत होती, सगळं सिपरमधून, चालता-फिरता, खेळता खेळता. जेवण नाही. आम्ही कौतुकाने सांगायचो, आमची फक्त दुधावर आहे. ती पांढरी दिसायला लागली, माती खायला लागली, तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. हिमोग्लोबिन ८.१.

डॉक्टर म्हणाले, दुधात लोह जवळपास नसतंच, आणि पोट दुधानेच भरलं तर भाकरी-भाजीला जागा कुठून उरणार? लोहाचं औषध दिलं आणि सांगितलं, दूध दिवसभरात ४००-५०० मिलीच्या वर नको, तेही बसून, पेल्यातून. पेल्याचा फायदा मला तिथे कळला: पेल्यातून मूल भुकेपुरतंच पितं. हातात धरून फिरता येत नाही ना. आठ दिवसांत दूध निम्म्यावर आलं आणि तिने आपणहून भाकरीचा तुकडा उचलला.

सासऱ्यांना हे फार लागलं. घरात दूध असून पोरीला मोजून देता म्हणून दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आता तेच तिला धार काढताना छोट्या पेल्यात फेस दाखवतात. पाजत नाहीत, दाखवतात. उकळल्याशिवाय द्यायचं नाही, हेही त्याच डॉक्टरांनी सांगितलं होतं.

बंगळुरू, बाबा

दिवसाचा सिपर सोडवणं सोपं होतं, रात्रीचा नाही. तो मुलाला पिण्यासाठी लागतच नव्हता. तोंडात धरून झोपायचा. दाताच्या डॉक्टरांनी वरच्या पुढच्या दातांवर पांढुरके पट्टे दाखवले आणि विचारलं, रात्री दूध देता का? देत होतो.

मग आम्ही मूर्खपणा केला. ‘सिपर चिऊताई घेऊन गेली, तिच्या बाळाला हवा होता’ असं सांगितलं. पुढचे आठ दिवस तो पहाटे सहाला बाल्कनीत उभा राहून चिऊताईला हाका मारत होता. बंगळुरूत चिमण्या दिसत नाहीत, कबुतरं आली, तर त्यांच्यावर ओरडला. बायको म्हणाली, याला खरं सांगायला हवं होतं. मग सिपरमध्ये रात्री फक्त पाणी, दर दोन-तीन दिवसांनी थोडं कमी, असं केलं. दूध झोपायच्या अर्धा तास आधी कपातून, मग ब्रश. तीन आठवडे लागले. त्यातल्या पहिल्या चार रात्री मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये पेंगलो.

जाता जाता: हा न सांडणारा कप अमेरिकेत रिचर्ड बेलांजर नावाच्या एका मेकॅनिकल इंजिनियर बाबाने १९८०च्या दशकात घरच्या घरी तयार केला, मुलाने सांडलेलं पुसून कंटाळून. मीही मेकॅनिकलचाच, त्यामुळे त्याच्याबद्दल वाईट बोलवत नाही.

नागपूर, डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलीची आई

आमची लेक पाच वर्षांची. ओठ घट्ट मिटणं आणि जीभ आत ठेवणं हेच तिला कष्टाचं, त्यामुळे ‘चार दिवसांत जमलं’ वाचून थोडं पोटात तुटतं, पण असो.

आम्हाला थेरपिस्टनी सांगितलेल्या दोन गोष्टी इथे लिहिते, कुणाला तरी उपयोग होईल. पाण्यापासून सुरू करू नका. पाणी फार पळतं. दाट गोष्ट हळू येते, तोंडाला सावरायला वेळ मिळतो. आम्ही नाचणीच्या आंबिलीपासून सुरुवात केली, मग दाट ताक, मग पातळ वरण, आणि पाणी सगळ्यात शेवटी. दुसरं, नाकाच्या जागी खाच पाडलेला कप मिळतो. त्यातून पिताना मान मागे टाकावी लागत नाही, त्यामुळे ठसका कमी लागतो, आणि समोरच्यालाही ओठ दिसतात. आम्ही तो येईपर्यंत औषधाच्या बाटलीवरचा मऊ प्लास्टिकचा माप-कप कापून, कड घासून वापरला.

सव्वा वर्ष लागलं. ज्या दिवशी तिने लग्नाच्या पंगतीत सगळ्यांसारखा मठ्ठा पेल्यातून प्यायला, त्या दिवशी वाढप्याला कळेना मी त्याला एवढं धन्यवाद का म्हणते आहे.

डोंबिवली, आई

मी वेगळं मत मांडते. आमच्याकडे सिपर चार वर्षं होता. लोकलमध्ये, रिक्षात, पाळणाघराच्या पिशवीत दुसरं काय देणार? घरी पेला, बाहेर स्ट्रॉवाली बाटली, तीही फक्त पाण्याची. मुलाचं काही बिघडलं नाही. रोज संध्याकाळी व्हॉल्व्ह वेगळा काढून धुवा आणि पूर्ण वाळू द्या, एवढं मात्र खरं. ७:४२ च्या गाडीत फुलपात्र घेऊन चढून दाखवा, मग बोलू.

डहाणू, अंगणवाडी सेविका

धागा वाचून हसू आलं, रागावू नका. माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या घरी सिपर नसतोच. स्टीलचा ग्लास, तोही भावंडांत एक. वर्षाचं पोर मोठ्या बहिणीच्या हातातून पितं, सांडलं तर अंगणात सांडतं. माझी अडचण वेगळी, मुलं पिण्याच्या पिंपात हातासकट ग्लास बुडवतात. म्हणून मी दांड्याचं ओगराळं ठेवलंय आणि ओतायला एक मोठी मुलगी. त्या मुलीला हे काम इतकं आवडतं की सुट्टी घेत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांना धन्यवाद. नाशिकच्या ताईंचं बाथरूम आणि ठाण्याच्या ताईंची ‘टेकवा आणि थांबा’, दोन्ही केलं. पाचव्या दिवशी फुलपात्रातले दोन घोट पोटात गेले, तिसरा माझ्या गाऊनवर. ढवळणं अजून चालू आहे. डिपॉझिट सध्या शाबूत आहे.

निळा सिपर टाकून देणार होते, पण तिने तो कचऱ्यातून परत आणला. आता ती त्यातून बाहुलीला पाणी पाजते. व्हॉल्व्ह मी फेकून दिलाय, त्यामुळे बाहुली दिवसभर दोरीवर वाळत असते.