वेलम मागून रंगवा
वेलमवर, म्हणजे कार्डं बनवताना वापरतात त्या गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागदावर, पिगमेंट शाई (रंगकणांची, सावकाश वाळणारी शाई) वाळता वाळत नाही, बोट लागलं की पुसते, असं इथे कुणी लिहिलंय, ते अगदी खरं. वेलम शाई जवळजवळ शोषतच नाही. त्यापेक्षा अल्कोहोल मार्कर (अल्कोहोलमधल्या शाईची रंगीत पेनं) बरे, चटकन वाळतात.

पण रंग कोणत्या बाजूने द्यायचा, हे कुणी लिहिलेलं दिसलं नाही. चित्राच्या रेषांवर पावडर टाकून ती उष्णतेने वितळवून उठाव देतात, ते एम्बॉसिंग थंड झालं की कागद उलटा करा आणि मागून रंगवा. पुढच्या रेषा स्वच्छ राहतात, मार्करचं टोक पावडरीच्या उंचवट्यावर घासत नाही, आणि कागदाआडून येणारा रंग इतका मऊ दिसतो की फटकारे फारसे जाणवत नाहीत. आधी फिकट छटा, ती ओली असतानाच कडेने गडद, मग फिकट मार्कर पुन्हा दोन्हींच्या सीमेवरून हलकेच फिरवायचा. खाली पांढरा कागद मात्र हवाच, नाहीतर छटांचा अंदाज येत नाही.