१२ एएम, १२ पीएम बंद करा; ०० ते २३ लिहा

गोदाकाठ: एएम म्हणजे मध्यान्हाआधी, पीएम म्हणजे मध्यान्हानंतर. मग ऐन मध्यान्हाला काय म्हणायचं? घड्याळं, मोबाइल दुपारच्या बाराला पीएम धरतात, तो निव्वळ पायंडा. सूचनाफलकावर ‘मुदत १५ जून, १२ एएम’ लागलं की १४ ची रात्र बारावर गेली अन् मुदत खलास. अर्जदार मात्र १५ चा अख्खा दिवस हातात आहे म्हणून निवांत. रेल्वेसारखं ००:०० ते २३:५९ लिहा, घोळ मिटेल.

परभणीकर: कामून मिटंल? गाडी ००:१० ची, तारीख १५. लोक १५ ला रात्री जेवूनखाऊन स्टेशनात येतात, गाडी आदल्या रात्रीच गेलेली. पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून ‘सोमवारी रात्री साडेबारा’ आपल्या लेखी सोमवारच. कॅलेंडरात मंगळवार लागलेला असतो. खोट तारखेत आहे. ‘१४ आणि १५ मधली रात्र’ असं लिहा, बघा कोण चुकतं ते.

शहागंज: त्यात जुमेरात घ्या. ती गुरुवारी, पण नाव जुम्म्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या रातीचं, कारण मुस्लिम हिशेबात वार सूर्यास्तालाच बदलतो. आपल्या शहरात तिन्ही हिशेब शेजारी नांदतात, रात्रीची वेळ सांगणारानं हे धरूनच चालावं.

रेल्वेच्या तत्काळ तिकिटात हे जास्त महागात पडतं. देवगिरी एक्सप्रेस मुंबईहून रात्री निघते, संभाजीनगरला पहाटे येते. १५ च्या पहाटे इथून बसायचं तर ती गाडी १४ ची. तत्काळ मूळ स्थानकाच्या तारखेआधी एक दिवस उघडतं, म्हणजे १३ ला: एसी सकाळी १० ला, स्लीपर ११ ला. १४ ला खिडकीवर उभं राहून काय मिळणार, वेटिंग!

गोदाकाठ: प्रवासाचं ठीक. हजेरीपत्रकाचं बोला. एक्सेलमध्ये रात्रीचे साडेबारा म्हणून नुसतं १२:३० टाकलं की दुपार धरली जाते. ००:३० ला ती भानगडच नाही.

परभणीकर: अन् रात्रपाळी? ६:०० मधून २२:०० वजा करा, उत्तर ऋण, खान्यात नुसते ####. दोन्ही वेळांपुढं तारीख टाकली की ८ तास निघतात. तुमचं २४ तासी घड्याळ तिथंही तारखेवाचून लंगडंच.

गोदाकाठ: तारीख लिहा की, नको कोण म्हणतंय? फक्त तिच्यापुढं १२ एएम नको. मुदतीला सरळ २३:५९ टाका.

शहागंज: आणि सोबत वारही. तारीख चुकीची वाचणारा निदान वाराला तरी अडखळतो.