जपानची पहिली फेरी, सोबत आई-बाबा: यादीतलं काय गाळू?

मुक्कामपोस्ट

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या शेवटी आई-बाबांना घेऊन जपानला जायचं ठरतंय. तिघांचीही पहिलीच वेळ, हातात दहा-बारा दिवस. यादी अशी झालीये: टोकियो, हाकोने, ताकायामा, शिराकावा-गो, कानाझावा, क्योतो, नारा, ओसाका, हिरोशिमा आणि जमलं तर साप्पोरो. व्हिसाच्या अर्जात कुठल्या दिवशी कुठे मुक्काम ते लिहून द्यावं लागतं, त्यामुळे आता पक्कं करायलाच हवं.

बाबांचं वाचन दांडगं आहे, देवळं आणि इतिहास म्हटलं की ते रमतात. आईचे गुडघे दुखतात. शिवाय ती पूर्ण शाकाहारी, अंडंही चालत नाही. जेआर पास, म्हणजे ठरावीक दिवस जपानी रेल्वेने हवं तेवढं फिरायचा पास, घ्यावा का, तेही सांगा.

दर्यावर्दी

साप्पोरो काढाच. ते पार उत्तरेला होक्काइदो बेटावर, टोकियोहून विमानाने दीड तास. त्यासाठी वेगळी सहल काढा. फुजी बघायचा असेल तर हाकोने ठेवा, थंडीत हवा स्वच्छ असते.

कामोकाठ

मुक्कामपोस्ट, मी बरीच वर्षं क्योतोत राहिलेय, आणि घरच्या ज्येष्ठांना तिथे फिरवलंय. तुमची यादी वाचून पहिल्यांदा काळजी वाटली ती तुमच्या आईंच्या गुडघ्यांची. ठिकाणं सगळी चांगलीच आहेत, पण मुक्काम फार झालेत. हॉटेल बदललं की बॅगा भरा, स्टेशनवर लिफ्ट शोधा, नवं हॉटेल दुपारी तीनच्या आत खोली देत नाही म्हणून ताटकळा. अर्धा दिवस असा जातो, आणि ज्येष्ठांचा उत्साह त्यातच संपतो.

म्हणून दोनच तळ ठेवा, टोकियो आणि क्योतो. एक रात्र हिरोशिमा. ओसाकाला वेगळा मुक्काम नको, क्योतोहून जलद लोकलने अर्ध्या तासात पोचता. नारा पाऊण तासावर. तिथे तोदाइजी देवळातला पंधरा मीटर उंचीचा बुद्ध आणि बागेत मोकळी फिरणारी हजाराहून जास्त हरणं, असा एक दिवस आरामात होतो.

ताकायामा-शिराकावा-गो-कानाझावा हा पट्टा मला स्वतःला अतिशय आवडतो, तरी या वेळी सोडा. शिराकावा-गोची उतरत्या गवती छपरांची घरं १९९५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत, पण नोव्हेंबर संपताना तिथे रंगीत पानं गळून गेलेली असतात आणि बर्फ बहुधा साठलेलं नसतं. क्योतोत मात्र त्याच दिवसांत मेपल ऐन लालीत असतात. तुमची तारीखच क्योतोच्या बाजूने आहे.

हाकोनेचा मुक्कामही मी काढला असता. फुजी दिसेल की नाही हे ढगांवर, आणि तिथे रोपवे, बोट, बस अशी चढ-उतार फार. त्याऐवजी टोकियोहून क्योतोला जाताना शिनकानसेनमध्ये (बुलेट ट्रेन) उजव्या बाजूची 'ई' रांगेतली खिडकी आईंना द्या. सुटल्यावर साधारण पाऊण तासाने, हवा साफ असेल तर, फुजी पायथ्यापासून माथ्यापर्यंत दिसतो. टोकियोतून एक दिवस कामाकुराला जा. तिथला कांस्याचा बुद्ध तेराव्या शतकातला आहे. त्याच्यावरचं मंदिर लाटांनी आणि वादळांनी गेलं, तेव्हापासून तो उघड्यावरच बसलाय.

आता बाबांसाठी. क्योतोत पहिल्या दिवशी त्यांना सानजुसानगेनदो या बौद्ध देवळात न्या. किंकाकुजीच्या सोनेरी मंडपाचे फोटो सगळे टाकतात, पण तो तळ्याच्या पलीकडून बघायचा, आत जाता येत नाही, आणि आजची इमारत १९५५ ची. आधीची १९५० मध्ये एका तरुण भिक्षूने जाळली. सानजुसानगेनदोची लाकडी वास्तू १२६६ सालची, लांबी सुमारे १२० मीटर. आत बोधिसत्त्व अवलोकितेश्वराच्या १००१ मूर्ती, मधली मोठी बसलेली आणि दोन्ही बाजूंना हजार उभ्या, ओळीमागे ओळ. त्यांच्या पुढे अठ्ठावीस रक्षकदेवता, आणि इथे बाबा हलणार नाहीत. त्यांत ब्रह्मा आहे, इंद्र आहे, नारायण आहे. गरुड आहे तो चोच असलेला आणि बासरी वाजवणारा. वसू ऋषी म्हणजे हाडं मोजता येतील असा वाकलेला म्हातारा, हातात काठी. आपले देव चीनमार्गे एवढ्या लांब येऊन कुठले चेहरे घेऊन उभे राहिले, ते हातभर अंतरावरून बघायला मिळतं. फोटो काढू देत नाहीत, ते एका अर्थी बरंच, माणसं खरंच बघतात. जमीन सपाट, चपला काढून चालायचं, पायऱ्यांची दमछाक नाही.

फुशिमी इनारी या डोंगरावरच्या देवस्थानाला संध्याकाळी उशिरा जा. क्योतो स्टेशनपासून जेआरचं दुसरंच स्टेशन, बाहेर पडलं की समोर कमान. तिकीट नाही, रात्रंदिवस उघडं. डोंगर २३३ मीटर; माथ्यावर जायची काही गरज नाही, लाल कमानींची दाट रांग खालच्या टप्प्यातच लागते. कियोमिझुदेरा देवळाचा चढ मात्र टॅक्सीने कमी करा. शहर बसने फिरू नका, त्या दिवसांत बसमध्ये उभं राहायलाही जागा नसते. गिओन या क्योतोच्या जुन्या भागातल्या खासगी गल्ल्या २०२४ पासून पर्यटकांना बंद आहेत, दंड १०,००० येन. पाटी दिसली की मागे फिरा, तिथे लोक राहतात.

हिरोशिमा गाळू नका, कितीही घाई झाली तरी. संग्रहालयात एक गंजलेली तीनचाकी सायकल आहे. चार वर्षांचाही नसलेला एक मुलगा ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी ती चालवत होता. बापाने त्याला सायकलीसकट अंगणात पुरलं होतं. तिच्यासमोरून पुढचं दालन लगेच बघवत नाही. बाहेर नदीकाठी बसायला वेळ ठेवा. म्हणूनच तिथे रात्र काढा म्हणतेय. दुसऱ्या दिवशी मियाजिमा बेट: बोटीने दहा मिनिटं, पाण्यातली लाल कमान. भरतीची वेळ आधी बघून जा. ओहोटीला ती कमान चिखलात उभी असते.

पास नको. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० वरून ५०,००० येन झाला. टोकियो-क्योतो सुमारे १४,०००, क्योतो-हिरोशिमा जाऊन-येऊन बावीस-तेवीस हजार. सुटी तिकिटं स्वस्त पडतात आणि नोझोमी या सगळ्यात वेगवान शिनकानसेनमध्ये बसता येतं. पासवर तिचे जादा पैसे लागतात.

शेवंती

आईंच्या जेवणाबद्दल थोडं. नुसतं 'मांस नको' सांगून भागत नाही. मिसो सूप, नूडल्सचं पाणी, भाजीचा रस, सगळ्यात दाशी नावाचं चवीचं पाणी असतं, आणि ते बहुतेक ठिकाणी सुक्या माशाचं. जपानी मजकूर लिहिलेलं कार्ड जवळ ठेवा: मांस, मासा, माशाचं दाशी, अंडं चालत नाही.

आणि एक रात्र कोयासानच्या मठात काढता आली तर बघाच. ८१६ साली कुकाई या बौद्ध भिक्षूने वसवलेलं डोंगरावरचं ठिकाण. मठाच्या जेवणात मांस-मासे नाहीतच, कांदा-लसूणही नाही. तिळाचं तोफू इतकं मऊ की चॉपस्टिकने उचलताना तुटतं.

मुक्कामपोस्ट

कामोकाठ, सानजुसानगेनदोचं बाबांना वाचून दाखवलं, ते आत्ताच नकाशा उघडून बसलेत! साप्पोरो, हाकोने आणि डोंगराचा पट्टा काढला. कोयासान आईला भावलंय, पण गुडघ्यांना झेपेल का?

कामोकाठ

झेपेल, पण आधी विचारून घ्या. मठात झोपायचं फुतोनवर, म्हणजे जमिनीवरच्या गादीवर, आणि जेवायचं बहुतेक वेळा जमिनीवर बसून. काही मठ खुर्ची किंवा पलंग देतात. आरक्षण करतानाच ते लिहा, ऐनवेळी होत नाही. उंची सुमारे ८०० मीटर, नोव्हेंबरअखेर रात्री चांगलंच गारठतं, लोकरीचे मोजे हवेतच. ओकुनोइन या तिथल्या दफनभूमीची जपानी देवदारांतली दोन किलोमीटरची वाट दोन लाखांहून जास्त समाध्यांमधून जाते. आईंना बसने पुढच्या टोकाला उतरवून अर्धीच चालवा.

क्रम असा लावा: टोकियो, क्योतो, हिरोशिमा, शेवटी ओसाकामार्गे कोयासान, आणि परतीचं विमान कानसाई विमानतळावरून. म्हणजे टोकियोला उलटं यायला नको. मोठ्या बॅगा टोकियोच्या हॉटेलातूनच ताक्क्युबिनने, म्हणजे सामान पोचवणाऱ्या कुरिअरने, क्योतोला पाठवा; काउंटरवर सांगितलं की फॉर्म भरून देतात, दुसऱ्या दिवशी पोचतात. क्योतोहून निघताना त्याच तशाच विमानतळावर पाठवा, फक्त विमानाची तारीख फॉर्मवर नीट लिहा.