आधी जुन्या टीममध्येच जा

न्यू जर्सीतल्या मित्रांची पेंटबॉल (रंगाच्या गोळ्या मारून समोरच्याला बाद करायचा खेळ) टीम काढावी, की मैदानावरच्या जुन्या टीमने बोलावलंय तिकडे जावं, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: निदान एक सीझन जुन्या टीममध्ये काढा.

एनएक्सएलच्या (अमेरिकेतली पेंटबॉल लीग) पद्धतीत मैदानात एका बाजूला पाचच जण असतात, पण पाचांवर टीम चालत नाही. कुणाचं लग्न, कुणाची ऑन-कॉल ड्युटी. सात-आठ नियमित माणसं हवीतच. दुसरं म्हणजे खर्च. एका खोक्यात २००० गोळ्या, आणि जोरदार सरावात ते एका दिवसात संपू शकतं. शिवाय एन्ट्री फी, हॉटेल, प्रवास. हे पैसे कोण, कधी देणार हे आधीच बोलून घ्या; मित्रांमध्ये तर नक्कीच!

खरं शिकायचं असतं ते बोलणं. स्पर्धेचा लेआउट, म्हणजे मैदानावर बंकर (लपायचे आडोसे) कुठे असतील तो आराखडा, आधी जाहीर होतो, त्यावर सुरुवातीला कोणी कुठे धावायचं ते बसवायचं, मग खेळताना बंकरमागून सतत ओरडून समोरचे कुठे आहेत ते सांगायचं. हे अनुभवी खेळाडूशेजारी उभं राहिल्यावर पटकन येतं. मित्रांना वगळू नका, त्यांनाही सरावाला न्या. वर्षभरानंतरही जे रविवारी सकाळी येतायत, त्यांना घेऊन सगळ्यात खालच्या डिव्हिजनमध्ये उतरा.