लग्नाच्या सुपाऱ्या घेत स्वतःचं रॉक टिकतं का?

तिसरी तार:
आमचा चौघांचा बँड. गेल्या शनिवारी सांगली रोडच्या एका मंगल कार्यालयात संगीताची सुपारी होती. आमचं स्वतःचं एक गाणं आहे, साडेसात मिनिटांचं. 2019 च्या महापुरात कोल्हापूरच्या शाहूपुरीत घरात पाणी शिरलं, त्या रात्रीचं. पहिलं कडवं संपायच्या आत नवरीचे मामा मोबाईल घेऊन स्टेजवर आले. "शुभकार्यात पाण्याचं गाणं नको, हे वाजवा." ड्रमरनं काठ्या मांडीवर ठेवल्या, माझा हात तारांवर तसाच राहिला. मग आम्ही मामांचं गाणं वाजवलं. बिदागी पूर्ण मिळाली. आता बाकीचे तिघं म्हणतात, महापुराचं गाणं यादीतूनच काढू. मी म्हणतो, सुपाऱ्याच बंद करू. वॉशिंग्टनच्या फुगाझी बँडनं तिकीट पाच डॉलरच्या आसपास ठेवलं, टी-शर्टसुद्धा विकले नाहीत, तरी वर्षानुवर्षं वाजवत राहिले.

पेठेतला बेस:
भावा, फुगाझीच्या गायकाची स्वतःची रेकॉर्ड कंपनी होती. तुमचा गिटारचा अँप्लिफायर कुणाच्या पैशांनी आला? लग्नाच्याच ना? आणि पैसा आला की कला बाटते हे मला पटतच नाही. अल्लादियाखाँसाहेब कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या दरबारचे गायक होते. दरबारचा पगार घेऊन त्यांची गायकी हलकी झाली का?

तिसरी तार:
दरबारचा पगार आणि लग्नाची सुपारी एकच कशी? पगार गवयाला मिळतो. सुपारी त्या एका रात्रीची असते, देणारा प्रत्येक गाण्याचा हिशेब मागतो. मामांनी तेच केलं.

रंकाळा चौपाटी:
अमेरिकेच्या मेटॅलिका बँडचं बघा. 1988 च्या अल्बममध्ये जवळपास दहा मिनिटांची गाणी. 1991 ला बॉब रॉक निर्माता म्हणून आला, गाणी आटोपशीर झाली, अल्बम कोटींच्या घरात खपला. जुने चाहते म्हणाले, विकले गेले. मी तो अल्बम शेकडो वेळा ऐकलाय, मला तसं अजिबात वाटत नाही. गाणं लहान करायचं त्यांनी स्वतः ठरवलं. तुमचं साडेसात मिनिटांचं गाणं पाच मिनिटांत आणखी टोचेल, करून बघा. पण मामा म्हणाले म्हणून काढू नका.

पेठेतला बेस:
लहान करा, हे मान्य. पण लग्नात पुराचं गाणं ही चूक तुमचीच आहे. ज्यांच्या घरात तेव्हा पाणी होतं, ते त्याच मांडवात बसलेले असतील. त्या दिवशी त्यांना हसायचंय.

शाहूपुरी:
आमच्या घरात छातीइतकं पाणी होतं. मला ते गाणं ऐकायचंय. लग्नात नाही, पण ऐकायचंय. दिल्लीच्या इंडियन ओशन बँडनं 2010 पासून एकेक गाणं करत आख्खा अल्बम इंटरनेटवर फुकट दिला. तुम्हीही गाणं तसंच सोडा. सुपारीच्या पैशांतून रेकॉर्डिंग करा.

तिसरी तार:
पेठेतला बेस, मांडवातल्या लोकांचं तुमचं म्हणणं मला लागलं, मी तो विचारच केला नव्हता. पण गाणं काढणार नाही. पुढच्या सुपारीचा विसार घ्यायला मी स्वतः जातोय. लग्नात महापूर नाही, पण आमची दुसरी दोन गाणी वाजतील, असं आधीच सांगेन. नको म्हणाले तर विसार न घेता परत येईन. शाहूपुरी, रेकॉर्डिंग झालं की पहिल्यांदा तुम्हालाच ऐकवतो.