चिकणमातीत पाइल ठोकताना कॅम-क्ले पुरतं का?

खडकमाती: पाइल (इमारतीच्या पायाचा खांब) ठोकला की भोवतीची माती बाहेर रेटली जाते. गणितात पाइलची ही जागा म्हणजे वाढत जाणारी दंडगोल पोकळी. त्यासाठी अजूनही सर्रास 1968 चं रॉस्को-बर्लंड यांचं मॉडिफाइड कॅम-क्ले हे मातीच्या वागण्याचं गणिती मॉडेल वापरतात. स्कॉटलंडच्या बॉथकेनारसारख्या मातीला ते लावणं मला पटत नाही. कॅम-क्लेचा पाया मळून पुन्हा दाबलेल्या मातीच्या प्रयोगांवर आहे. निसर्गातल्या मातीच्या कणांत बंध असतात, शिवाय तिचं उभं-आडवं वागणं सारखं नसतं. एस-क्ले-1एस हे मॉडेल या दोन्ही गोष्टी धरतं.

200 मिमी व्यासाचा पाइल घ्या. पाणी निघायला वेळ नाही, म्हणजे आकारमान कायम. माती किती सरकणार हे कुठलंही मॉडेल न लावता निघतं. अक्षापासून 100 मिमीवरचा कण 141 वर जातो, 500 वरचा फक्त 510 वर. पाइललगत बंधांचा चुरा, अर्ध्या मीटरवर जेमतेम दोन टक्के विकृती (स्ट्रेन). एकाच मातीत दोन माती झाल्या. कॅम-क्लेला हा फरक कळतच नाही.

बोअरलॉग: कागदावर छान! पण मॉडेलला लागणारे मातीचे आकडे आणणार कुठून? खाडीकाठच्या बोअरमधून मातीच्या नमुन्याची ट्यूब वर येईपर्यंत निम्मे बंध तुटलेले असतात. मग लॅबमध्ये मोजता ते काय? त्यापेक्षा साधं मॉडेल लावा आणि पाइलवर भार टाकून लोड टेस्ट घ्या.

खडकमाती: जमिनीतच पातं खुपसून फिरवायची व्हेन टेस्ट आहे की. आधी शिखर ताकद मोजा, मग पातं भराभर फिरवून माती मळा आणि पुन्हा मोजा. दोन्हींचं गुणोत्तर म्हणजे सेन्सिटिव्हिटी. त्यातून एक वजा केलं की बंधांचा सुरुवातीचा आकडा अंदाजे मिळतो. ट्यूब लागतच नाही. लोड टेस्ट त्या पाइलचं सांगेल, शेजारच्या इमारतीखाली पोअर प्रेशर (मातीतल्या पाण्याचा दाब) किती चढलं ते नाही.

बोअरलॉग: सुरुवातीचा आकडा मिळाला, कबूल. बंध किती वेगाने तुटतात त्याचे दोन स्थिरांक? ते शेवटी आलेख जुळवूनच ठरवणार ना!

गाळवाट: भांडण मॉडेलचं चाललंय, पण पोकळीचं गृहीतकच तपासा. पाइल माती नुसती बाजूला ढकलत नाही, टोकापाशी खालीही रेटतो. टोकाभोवती माती कशी सरकत जाते ते धरणारी स्ट्रेन पाथ पद्धत बालिघ यांनी 1985 मध्ये मांडली ती यासाठीच. सेल्फ-बोअरिंग प्रेशरमीटरला, म्हणजे स्वतःच भोक पाडत खाली जाऊन मग माती बाजूला दाबणाऱ्या उपकरणाला, दंडगोल पोकळी चपखल बसते. एस-क्ले-1एस आधी तिथे पारखा.

खडकमाती: प्रेशरमीटरचं पटलं. पण टोक पुढे गेल्यावर वर उरलेल्या लांबीला पोकळीच लावावी लागते, आणि तिथे बंध तुटलेलेच असतात.